इंग्रजी शुद्धाशुद्धाचा पंच : हेन्री फाउलर

इंग्रजी वाक्याचा शेवट प्रिपोझिशनने करावा की करू नये, 'डिफरंट'पुढे 'फ्रॉम'च यावे की 'टू'ही चालेल, दारावरची थाप ऐकून आतून कोणी 'हू इज इट' असे विचारले तर 'इट इज मी' म्हणावे की 'इट इज आय', असल्या प्रश्नांवर महाराष्ट्रातील शिक्षकखोल्यांत आणि कचेऱ्यांतील मेजांवर आजवर किती तास खर्ची पडले असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. वाद बहुधा ज्येष्ठतेने मिटतो. हेडक्लार्कने तांबड्या शाईने जे खोडले ते अशुद्ध आणि मुख्याध्यापकांनी जे फळ्यावर लिहिले ते शुद्ध, असा हा सोयीस्कर न्याय आहे. परंतु हेडक्लार्कला तो नियम कोणी सांगितला आणि सांगणाऱ्याला तरी तो कोठून मिळाला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. इंग्रजांच्या स्वतःच्या देशात तो प्रश्न ज्यांनी आयुष्यभर चिकाटीने विचारला आणि ज्यांच्या उत्तरांना न्यायालयीन निकालांचे वजन आले, ते हेन्री वॉटसन फाउलर हे ना प्राध्यापक होते, ना कोण्या विद्वत्सभेचे पदाधिकारी. ते नोकरी सोडलेले एक शाळामास्तर होते. ती नोकरी त्यांनी का सोडली हे नीट समजल्यावाचून त्यांचे व्याकरणही नीट समजत नाही.

फाउलर यांचा जन्म १० मार्च १८५८ रोजी केंट परगण्यातील टनब्रिज येथे झाला. मुंबई विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा जेमतेम वर्ष होत होते, आणि पुढच्या दीड महिन्याच्या आत आपल्याकडे धोंडो केशव कर्वे आणि पंडिता रमाबाई यांचे जन्म व्हावयाचे होते. वडील धर्मोपदेशक आणि शिक्षक, केंब्रिजमध्ये गणित शिकलेले. आठ भावंडांत हेन्री थोरले. १८७९ मध्ये वडील वारले. रग्बीच्या नामांकित शाळेतून हेन्री ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात गेले आणि तेथून दुसऱ्या वर्गाचे यश घेऊन बाहेर पडले. ज्यांच्या ग्रंथापुढे पुढे मंत्री आणि संपादक मान तुकवू लागले, त्यांना ऑक्सफर्डच्या परीक्षकांनी पहिल्या वर्गाच्या लायकीचे मानले नव्हते, हे आपल्या परीक्षार्थींनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एडिंबरोच्या फेट्स कॉलेजात अल्पकाळ शिकवून १८८२ मध्ये ते सेडबर्ग येथील शाळेत रुजू झाले. तेव्हा यॉर्कशायरमध्ये मोडणाऱ्या त्या डोंगराळ गावात त्यांनी सतरा वर्षे ग्रीक, लॅटिन आणि इंग्रजी शिकविले. विद्यार्थ्यांना ते अलिप्त वाटत. काटेकोर तर ते होतेच. रोज धावणे आणि थंड पाण्यात पोहणे हा त्यांचा क्रम ऋतू कोणताही असो चुकत नसे.

१८९९ मध्ये शाळेतील एका वसतिगृहाचे प्रमुखपद त्यांच्याकडे चालून आले. इंग्लंडच्या निवासी शाळांत हे पद म्हणजे मानही होता आणि मिळकतही. मात्र त्या पदाबरोबर एक कर्तव्य येत असे. मुलांची धर्मदीक्षेसाठी तयारी करून घेणे हे वसतिगृहप्रमुखाचे काम. फाउलर यांचा त्या धर्मश्रद्धांवर विश्वास उरला नव्हता. मुख्याध्यापक हेन्री हार्ट हे त्यांच्याविषयी आदर बाळगणारे गृहस्थ होते. परंतु ही अट शिथिल करणे त्यांना शक्य नव्हते, आणि जे स्वतःला पटत नाही ते मुलांच्या मनात उतरविण्याचे काम करणे फाउलर यांना शक्य नव्हते. त्यांनी कोणावर टीका केली नाही, धर्माविरुद्ध व्याख्याने दिली नाहीत, वर्तमानपत्रांत पत्रे लिहिली नाहीत. एक्केचाळिसाव्या वर्षी, निवृत्तिवेतनाची सोय नसताना, चालती नोकरी सोडून ते लंडनला निघून गेले.

त्या काळी असे करणे म्हणजे काय होते हे आकड्यांनीच समजेल. वडिलांच्या मागे राहिलेल्या ठेवीतून त्यांना वर्षाकाठी सुमारे १२० पौंड मिळत. एका ब्रह्मचारी माणसाला उपाशी न राहण्याइतकी ही रक्कम होती. ऐषआरामाला पुरण्याइतकी नव्हती. फाउलर यांनी उत्पन्न वाढविण्याऐवजी गरजा कमी केल्या. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत उपभोक्ता नेहमी अधिकाची इच्छा करतो असे गृहीत धरलेले असते. फाउलर हे त्या गृहीतकाला अपवाद होते, आणि या अपवादामुळेच इंग्रजी भाषेला तिचा सर्वांत निर्भीड पंच मिळाला असे म्हणण्यास हरकत नाही. ज्याला बढती नको आणि ज्याला कोणाची मर्जी राखावयाची नाही, तोच थॅकरेच्या आणि टाइम्सच्या वाक्यांतील चुका नावानिशी छापू शकतो.

लंडनमध्ये चार वर्षे त्यांनी नियतकालिकांसाठी निबंध लिहिले. त्यांचा फारसा गवगवा झाला नाही. १९०३ मध्ये ते इंग्लिश खाडीतील गर्न्झी बेटावर गेले. तेथे त्यांच्याहून सुमारे बारा वर्षांनी धाकटे बंधू फ्रान्सिस टोमॅटोची लागवड करीत होते. दोघांची घरे वेगळी होती, पण हाकेच्या अंतरावर. येथे एका विलक्षण भागीदारीला आरंभ झाला. प्रथम दोघांनी लुशियन या ग्रीक लेखकाचे भाषांतर केले; ते १९०५ मध्ये चार खंडांत ऑक्सफर्डने प्रसिद्ध केले. त्यानंतर इंग्रजी लेखनातील दोषांवर एक पुस्तक लिहावे असे त्यांच्या मनात आले. पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, 'द किंग्ज इंग्लिश' बाहेर पडले.

या पुस्तकाची रीत त्या काळच्या व्याकरणांहून निराळी होती. जुने व्याकरणकार नियम सांगत आणि त्याच्या पुष्टीसाठी स्वतःच बनविलेली दोन निर्जीव वाक्ये देत. फाउलर बंधूंनी वर्तमानपत्रे, कादंबऱ्या आणि मान्यवर ग्रंथ चाळून शेकडो सदोष वाक्ये जमविली आणि प्रत्येकाखाली लेखकाचे किंवा पत्राचे नाव छापले. मेरी कोरेलीसारखी लोकप्रिय कादंबरीकार त्यातून सुटली नाही. टाइम्स तर नाहीच. पुस्तकाच्या आरंभीच त्यांनी शब्दनिवडीविषयी आपले धोरण सांगून टाकले होते. दूरच्या शब्दापेक्षा परिचित शब्द, अमूर्तापेक्षा मूर्त, वळणावळणाच्या शब्दसमूहापेक्षा एक शब्द, लांबापेक्षा आखूड आणि लॅटिनवरून आलेल्या शब्दापेक्षा मूळचा सॅक्सन शब्द बरा, असे ते धोरण होते. यांतील अखेरचा मुद्दा फाउलर यांनी पुढे स्वतःच सैल केला. शब्दाचे कुळ पाहून त्याला जवळ करणे किंवा झिडकारणे हा त्यांना उत्तरायुष्यात पोरकटपणा वाटू लागला. आपल्याकडे १९६२ च्या पदनाम कोशावरून जे रण माजले त्यात दोन्ही बाजूंच्या योद्ध्यांनी फाउलर यांचे हे दुसरे मत वाचले असते तर बराच कागद वाचला असता.

१९०८ मध्ये, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, फाउलर यांनी जेसी मेरियन विल्स या परिचारिकेशी विवाह केला. त्या त्यांच्याहून चार वर्षांनी लहान होत्या. फाउलर मितभाषी आणि संकोची, तर पत्नी बोलक्या आणि श्रद्धाळू. हे लग्न कसे निभावेल अशी शंका परिचितांना आली असल्यास नवल नाही. प्रत्यक्षात बावीस वर्षांचा तो संसार अतिशय सुखाचा झाला.

ऑक्सफर्डचा महाकोश त्या वेळी मंद गतीने छापला जात होता. त्या अवाढव्य कोशावरून सामान्य वाचकासाठी एका खंडाचा कोश करण्याचे काम विद्यापीठ मुद्रणालयाने फाउलर बंधूंवर सोपविले. दोघांपैकी कोणालाही कोशरचनेचा अनुभव नव्हता. महाकोशाची शेवटची अक्षरे तर अद्याप प्रसिद्धच झालेली नव्हती. तेवढा भाग त्यांना बव्हंशी स्वतःच्या बळावर उभा करावा लागला. 'कन्साइज ऑक्सफर्ड डिक्शनरी' १९११ मध्ये निघाली. पूर्वीचे लहान कोश अवघड आणि दुर्मिळ शब्दांची भरती करीत आणि सोप्या शब्दांना दोन ओळींत वाटेला लावीत. फाउलर बंधूंनी क्रम उलटा केला. 'गो', 'पुट', 'सेट' यांसारख्या रोजच्या शब्दांना त्यांनी भरपूर जागा दिली, त्यांचे वाक्प्रचार दिले, आणि जागा वाचविण्यासाठी व्याख्या तारेच्या भाषेत लिहिल्या. परभाषिकाची अडचण नेमकी याच शब्दांशी असते. ऑक्सफर्ड मुद्रणालयाने पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, मुंबईत आपली शाखा उघडली, आणि कालांतराने हा कोश महाराष्ट्रातील वकिलांच्या, शिक्षकांच्या आणि पदवीधर कारकुनांच्या घरांत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेशेजारी जाऊन बसला. त्याच १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध झाले. केशवसुतांच्या या बंधूंनी मराठीचे एवढे चोख काम करून ठेवले असताना तो ग्रंथ किती मराठी घरांत पोचला, याचे उत्तर सुखद नाही.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. फाउलर यांनी वय चव्वेचाळीस सांगून १९१५ मध्ये सैन्यात शिपाई म्हणून नाव घातले. खरे वय सत्तावन्न होते. शब्दाच्या अर्थात केसभर फरक खपवून न घेणाऱ्या या माणसाने उघडपणे बोललेले एवढे एक असत्य चरित्रकारांना सापडते. रोजच्या धावण्या-पोहण्याने कमावलेल्या शरीरामुळे ते पचलेही. दोघे बंधू एकाच पलटणीतून फ्रान्सला गेले. परंतु तेथील अधिकाऱ्यांनी या वयस्क शिपायांना आघाडीपासून दूर ठेवून भांडी घासणे, कोळसा वाहणे, हमाली करणे अशी कामे दिली. लढण्यासाठी आलो असता अशा कामांत आम्हाला का अडकविले, अशी लेखी तक्रार त्यांनी वरिष्ठांकडे केली. दोघांचीही प्रकृती ढासळली आणि १९१६ मध्ये त्यांना सैन्यातून मुक्त करण्यात आले. फ्रान्सिस यांना मात्र तेथेच क्षयाने गाठले होते. १९१८ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते वारले.

पुढच्या मोठ्या ग्रंथाची योजना दोघांनी मिळून आखली होती. ती आता थोरल्याला एकट्याने पुरी करावी लागली. 'पॉकेट ऑक्सफर्ड डिक्शनरी' १९२४ मध्ये निघाली, आणि १९२६ मध्ये 'अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश युसेज'. हा ग्रंथ फाउलर यांनी दिवंगत बंधूला अर्पण केला. अर्पणपत्रिकेत त्यांनी म्हटले आहे की भावाची बुद्धी अधिक चपळ, प्रमाणाची जाणीव अधिक चांगली आणि मन अधिक मोकळे होते. पहिल्याच वर्षी त्या ग्रंथाचे तीनदा पुनर्मुद्रण करावे लागले.

हा नावाने कोश आहे. शब्द आणि विषय वर्णक्रमाने लावलेले आहेत, पण प्रत्येक नोंद म्हणजे एक लहानसा निबंध आहे आणि निबंधाच्या आड एक चिडखोर, विनोदी, न्यायी माणूस बसलेला आहे. त्यात सर्वाधिक गाजलेली नोंद स्प्लिट इन्फिनिटिव्हची. 'टू' आणि त्याचे क्रियापद यांच्या मध्ये क्रियाविशेषण घुसविणे हे पाप आहे असे एकोणिसाव्या शतकातील शाळामास्तरांनी ठरवून टाकले होते. या नियमाला तर्काचा आधार कोणता, तर बहुधा इतकाच की लॅटिनमध्ये इन्फिनिटिव्ह हा एकच शब्द असतो आणि त्यामुळे तो तोडताच येत नाही. म्हणजे रोमन माणसाला जे करता येत नव्हते ते इंग्रजाने करू नये! फाउलर यांनी इंग्रजी बोलणाऱ्या साऱ्या जगाची या प्रश्नावर पाच गटांत विभागणी केली. एका गटाला स्प्लिट इन्फिनिटिव्ह म्हणजे काय हे ठाऊक नसते आणि त्याची फिकीरही नसते. हे लोक सर्वांत सुखी. दुसऱ्याला ठाऊक नसते पण फिकीर फार असते. तिसरा जाणून निषेध करतो, चौथा जाणून समर्थन करतो, आणि पाचवा जाणून तारतम्य पाहतो. फाउलर स्वतः पाचव्या गटात. शक्य तेथे तोडू नये, पण न तोडल्याने वाक्य संदिग्ध किंवा कृत्रिम होणार असेल तर खुशाल तोडावे, हा त्यांचा निकाल. आपल्याकडील इंग्रजी जाणणारा मोठा वर्ग दुसऱ्या गटात मोडतो. 'टू बी रिअली हॅपी' यात काहीच तुटलेले नसताना त्यालाही स्प्लिट समजून दचकणारे परीक्षक येथेही आढळतील. तिकडेही ते होते आणि फाउलर यांनी त्यांची चांगलीच खिल्ली उडविली आहे.

प्रिपोझिशनचा मामलाही असाच. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येऊ नये हा आक्षेप कवी ड्रायडन यांनी १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या लेखनावर घेतला होता. त्याचेही मूळ लॅटिनमध्येच. पुढे तो शाळांतून शाळांत वारसाहक्काने उतरत गेला. फाउलर यांनी त्याला जपून ठेवलेली अंधश्रद्धा ठरविले आणि प्रिपोझिशन मागे टाकण्याची मुभा ही इंग्रजीची एक शक्ती आहे असे बजावले. 'डिफरंट'पुढे 'टू' चालत नाही हीदेखील त्यांच्या मते अंधश्रद्धाच. 'अंडर द सरकमस्टन्सेस' चूक आणि 'इन द सरकमस्टन्सेस' बरोबर, कारण परिस्थिती भोवती असते, डोक्यावर नसते, हा युक्तिवाद त्यांनी बालिश म्हणून फेकून दिला. 'नन'बरोबर अनेकवचनी क्रियापद आले तर बिघडत नाही. 'ओन्ली' हा शब्द ज्या शब्दाशी संबंधित त्याला चिकटूनच ठेवला पाहिजे असा हट्ट धरणाऱ्यांना त्यांनी सांगितले की बोलणारा माणूस तो जेथे सहज ठेवतो आणि ऐकणाऱ्याचा जेथे गैरसमज होत नाही, तेथे तो ठेवण्यास हरकत घेऊ नये. आणि दाराबाहेरून 'इट इज मी' असे उत्तर देणाऱ्यालाही त्यांनी सोडून दिले. शास्त्रतः ते चूक आहे हे मान्य करून, जे वाक्य मुळात बोलण्यातच येते त्यात एवढ्या चुकीला महत्त्व नाही असा त्यांचा निर्णय होता.

यावरून फाउलर हे सगळेच चालते म्हणणारे उदारमतवादी होते असे कोणी समजू नये. 'बिट्वीन यू अँड आय' त्यांना मुळीच खपत नसे. 'हू' पुरेसे असताना विद्वत्ता दाखविण्यासाठी 'हूम' घालणारा लेखक त्यांच्या तावडीतून सुटत नसे. 'अ‍ॅग्रव्हेट' म्हणजे चिडविणे हा अर्थ त्यांना मान्य नव्हता. त्या शब्दाचा अर्थ अधिक वाईट करणे एवढाच. 'आय डोन्ट लाइक हिम कमिंग हिअर' यासारख्या रचनेला त्यांनी 'फ्यूज्ड पार्टिसिपल' असे नवे नाव दिले आणि तेथे 'हिज कमिंग' असेच म्हटले पाहिजे असा आग्रह धरला. या प्रश्नावर डेन्मार्कचे थोर भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांच्याशी त्यांचा वाद झाला. येस्पर्सन यांनी थोरामोठ्या इंग्रज लेखकांतून याच रचनेची उदाहरणे काढून दाखविली आणि फाउलर हे व्याकरणातील नीतिउपदेशक आहेत असा शेरा मारला. फाउलर यांना तो शेरा बोचला नाही. लोक काय बोलतात याची नोंद करणे हे एक काम आणि लोकांनी काय बोलावे याविषयी सल्ला देणे हे दुसरे, आणि आपण दुसरे काम पत्करले आहे असे त्यांचे मत होते. पुराव्याच्या दृष्टीने पाहता हा सामना येस्पर्सन यांनी जिंकला, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे.

'शॅल' आणि 'विल' यांच्या बाबतीत तर बंधुद्वयांनी 'द किंग्ज इंग्लिश'मध्ये असे लिहून ठेवले होते की दक्षिण इंग्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाला हा भेद आपोआप येतो, इतरांना तो प्रयत्नानेही क्वचितच साधतो. असे लिहून पुढे त्यांनी तो शिकविण्यासाठी कितीतरी पाने खर्चिली ही गोष्ट वेगळी. पण या विधानात एक अन्याय दडलेला आहे. ज्या नियमाची गुरुकिल्ली जन्मभूमीत आहे तो नियम भाषेचा नसून कुळाचा असतो. स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिका येथील कोट्यवधी लोक जो भेद पाळीत नव्हते, तो पाळला नाही म्हणून मुंबई इलाख्यातील परीक्षार्थीचे गुण कापले जात होते. पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेले आणि पुढे कादंबरीकार म्हणून नावाजलेले गृहस्थ. त्यांच्या आणि मार्टिन यांच्या व्याकरणातून हा 'शॅल-विल'चा तक्ता आपल्या दोन-तीन पिढ्यांनी घोकला. आज इंग्लंडातही तो भेद जवळजवळ लोपला आहे, आणि तो लोपल्याने कोणाचेही बोलणे दुर्बोध झालेले नाही.

फाउलर यांचे खरे वैर होते ते आढ्यतेशी. 'हेल्प' म्हणावयाच्या जागी 'असिस्ट', 'इनफ'च्या जागी 'सफिशंट', 'स्वेट'च्या जागी 'पर्स्पायर' म्हणणाऱ्या प्रवृत्तीला त्यांनी 'जेन्टीलिझम' या नोंदीत उघडे पाडले. रोजच्या तोंडचा शब्द हलका वाटून त्याऐवजी भारदस्त शब्द घेणारा माणूस भाषेची सेवा करीत नाही, तो आपली प्रतिष्ठा सांभाळीत असतो. एकाच वस्तूचा पुन्हा उल्लेख करताना तोच शब्द येऊ नये म्हणून दरवेळी नवा पर्याय शोधण्याची जी पत्रकारी खोड, तिचाही त्यांनी असाच समाचार घेतला. भारतीय कचेऱ्यांतील इंग्रजी या दोन्ही रोगांनी फार काळ ग्रासलेले होते. साहेबाच्या भाषेतील लांब शब्द म्हणजे जणू वरच्या वेतनश्रेणीचा दाखला. ज्या कारकुनाने 'बिगिन' खोडून 'कमेन्स' लिहिले त्याने त्यातून कमाई केली नाही. त्याने फक्त भीती कमी केली. गंमत अशी की या भीतीचे समाधान करण्यासाठी तो ज्या फाउलरचा आधार घेत असे, त्या फाउलर यांनीच 'बिगिन'च्या बाजूने कौल दिलेला होता. ग्रंथ कपाटात दिसण्यासाठी विकत घेतला की असे घडते.

सेडबर्गमधील त्या राजीनाम्याचा आणि या निकालांचा संबंध येथे दिसतो. ज्या माणसाला परंपरेने आले म्हणून धर्मवचन मुलांना शिकविता आले नाही, त्याला परंपरेने आले म्हणून व्याकरणाचा नियम शिकविणेही शक्य नव्हते. प्रत्येक नियमाला तो कारण विचारीत असे. कारण मिळाले तर सैनिकाच्या शिस्तीने तो नियम पाळीत असे. न मिळाले तर कितीही जुना असला तरी काढून टाकीत असे. त्याची कारणे सर्वच टिकली असे नाही. पण 'दॅट' आणि 'व्हिच' यांच्यात कामाची वाटणी करावी अशी सूचना करताना, बहुतेक किंवा उत्तम लेखकही ती वाटणी पाळीत नाहीत हे त्याने आपण होऊन लिहून ठेवले. नियम सांगणाऱ्याने नियमाविरुद्धचा पुरावाही त्याच पानावर द्यावा, ही सभ्यता अर्थशास्त्रज्ञांतही विरळाच आढळते.

१९२५ मध्ये फाउलर पती-पत्नी सॉमरसेट परगण्यातील हिंटन सेंट जॉर्ज या खेड्यात राहावयास गेले होते. ग्रंथाला यश मिळाल्यावर ऑक्सफर्डच्या मुद्रणालयाने, वयोमान लक्षात घेऊन, घरकामासाठी एक नोकर ठेवण्याचा खर्च देऊ केला. फाउलर यांनी तो नम्रपणे नाकारला. सकाळी उठून आपण धावतो, पोहतो, घरातील कामे स्वतः करतो, आणि नोकर आला तर या आरोग्यदायी दिनक्रमाचे काय होईल, असे त्यांनी कळविले. १९३० मध्ये कर्करोगाने जेसी यांचे निधन झाले. तोवर ज्यांचे नाव केवळ शब्दांच्या काटेकोर चिकित्सेशी जोडलेले होते, त्या फाउलर यांनी पत्नीला उद्देशून रचलेल्या कवितांचे एक छोटे पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. ते कोणी फारसे वाचले नाही. २६ डिसेंबर १९३३ रोजी न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला. तेव्हाही आणखी एका कोशाचे काम त्यांच्या हाती होते.

त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथाचा दबदबा उलट वाढला. मार्च १९४४ मध्ये, नॉर्मंडीवरील स्वारीची सिद्धता चालू असताना, पंतप्रधान चर्चिल यांनी लष्करी कागदांत 'इंटेन्स'च्या जागी 'इंटेन्सिव्ह' वापरणाऱ्या अधिकाऱ्याला फाउलर वाचण्यास फर्मावले. महायुद्धाच्या ऐन निर्णायक घटकेला पंतप्रधानाने यासाठी वेळ काढावा याचे हसू येते. परंतु हुकूमपत्रातील एक विशेषण चुकले तर ती चूक कोणाच्या जिवावर बेतते हेही त्या पंतप्रधानास ठाऊक होते.

१९६५ मध्ये सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी ग्रंथाची सुधारलेली दुसरी आवृत्ती काढली. गॉवर्स हे सरकारी अधिकारी होते आणि सरकारी पत्रव्यवहाराची भाषा सोपी करण्यासाठी त्यांनी 'प्लेन वर्ड्स' हे पुस्तक १९४८ मध्ये लिहिले होते. फाउलर यांच्या वाक्यांना त्यांनी शिष्याच्या अदबीने हात लावला. १९९६ ची तिसरी आवृत्ती रॉबर्ट बर्चफील्ड या कोशकारांची. त्यांनी पंचाची खुर्ची बाजूला सारून नोंदनिसाची खुर्ची घेतली, लोक प्रत्यक्षात काय लिहितात ते पुराव्यानिशी मांडले, आणि अनेक जुन्या वाचकांनी हा फाउलर नव्हे म्हणून तक्रार केली. शास्त्र बर्चफील्ड यांच्या बाजूला होते यात शंका नाही. तरीही २०१५ मध्ये चौथी आवृत्ती निघण्याच्या आधी, २००९ मध्ये, ऑक्सफर्डने १९२६ चा मूळ ग्रंथ डेव्हिड क्रिस्टल यांच्या प्रस्तावनेसह जसाच्या तसा पुन्हा छापला. त्यातील 'शॅल-विल'सह, आणि टोमॅटो पिकविणाऱ्या भावाच्या नावच्या अर्पणपत्रिकेसह.